मिरवी

फाउंड्रीच्या कॅटलॉगात तिला नुसता नंबर होता,
छत्तीस पॉइंट, अलंकृत.
बोहोरपट्टीतल्या आमच्या छापखान्यात
सगळे तिला मिरवी म्हणायचे.

साधं अक्षर काना ओढतं आणि थांबतं.
मिरवी थांबत नाही.
काना संपला की खाली टाच वळवते,
वेलांटीच्या टोकाला बाळी सोडते,
द्राक्षवेल सोडते तशी, धरायला काही नसतानाही.
शिरोरेघ दोन्हीकडे इतकी ऐसपैस
की शेजारच्या अक्षरानं अंग चोरूनच बसावं.

दादा क्षेमकल्याणींचे नियम भिंतीवर नव्हते, तोंडात होते.
मिरवी नावाला, मजकुराला नाही.
एका ओळीत पाच शब्द झाले की ती भांडते.
तिच्यात पत्ता जुळवू नये, पोस्टमनचे तळतळाट लागतात.
पत्रिकेत वधूवर तिच्यात, मामा-काका बारा पॉइंटात
(यावरून सातपूरच्या एका मामानं
पाचशे पत्रिका परत धाडल्या होत्या, हळदीच्या बोटांसकट).
चिवड्याच्या पुड्यावर शोभते,
नाटकाच्या हँडबिलावर तर विचारूच नका.
घरपट्टीच्या नोटिशीत घातली
तर लोक हसतील, भरणार नाहीत.
आणि दहाव्याच्या पत्राला मिरवी नाही.
हे दादा दोनदा सांगायचे.

मी तेव्हा नवी खिळेजुळारी,
जग उलटं वाचायला नुकतीच शिकलेली.
मिरवीच्या केसमध्ये ळ एकच उरला होता,
त्याचीही उजवी टाच मोडकी.
फाउंड्रीनं कळवलं होतं, सुटा खिळा देत नाही, अख्खा संच घ्या.

निवृत्ती आव्हाड आले ते घाटावरून थेट,
धोतर गुडघ्यापर्यंत ओलं.
कमळजाबाईचं पत्र छापायचंय, म्हणाले.
नमुन्यांच्या वहीत काळ्या चौकटी दाखवल्या.
त्यांचं बोट चौकटीवरून पुढे सरकलं,
एका लग्नपत्रिकेवर टेकलं.
असं.

बाबा, हे लग्नाचं अक्षर आहे, दादा म्हणाले.

आमच्या लग्नाला पत्रिका कुठली,
सुपारी फिरवली होती चार गावांत.
तिचं नाव छापून आलं एकदाच, मतदारयादीत.
तेही कमलाबाई.

दादा चष्मा पुसत बसले.
मग जेवून येतो म्हणाले आणि गेले.
त्यांचं जेवण झालेलं होतं.

मी फक्त नाव मिरवीत घेतलं.
तिथी, वार, ठिकाण सगळं बारीक, साधं,
नावापासून दोन बोटं लांब.
काळी चौकट लावली नाही, मिरवीला ती काचली असती.
ळ झुकत होता, त्याच्याखाली
सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीची घडी सारली.
तरी झुकलाच.

प्रूफ त्यांनी दाराशी नेऊन उजेडात धरलं,
एकेक अक्षर बोटाखाली घेत गेले.
हे का लंगडतंय?
टाच मोडलीय त्याची. साधा घालते बदलून.
नको, म्हणाले.
बारवेच्या पायरीवरून पडल्यापासून
ती पण अशीच चालायची.

शंभर पत्रं. बिलात दादांनी
कागद धरला, शाई धरली, जुळणी धरली नाही.
मला काही बोलले नाहीत.
नियमही पुन्हा सांगितला नाही.

पुढे ट्रेडल गेलं, केसेस गेल्या.
मिरवी भद्रकालीच्या भंगारवाल्याकडे भरली अकरा किलो.
शिसं होतं, शिशाचा भाव आला.

आता नात फोनवर दाखवते,
आजी, बघ, किती नखऱ्याचे फाँट,
हवा तेवढा मोठा कर, हवा त्या रंगात.
मी प्रत्येकातला ळ आधी बघते.
टाच शाबूत असते.
सगळ्यांचीच.